चिलटांची साक्ष

पोर्श ९१७ या शर्यतीच्या गाडीची गोष्ट सांगणारे बहुतेक जण तिच्या इंजिनापासून सुरुवात करतात. बारा सिलिंडर, साडेचार लिटर, सुरुवातीलाच पाचशेहून अधिक अश्वशक्ती, आणि एवढा सगळा जोर जेमतेम आठशे किलोंच्या गाडीत. त्यामागोमाग फर्डिनांड पिएख या बत्तिशीही न गाठलेल्या अभियंत्याच्या धाडसाचे वर्णन येते. फ्रान्समधल्या ल माँ इथे होणारी चोवीस तासांची शर्यत पोर्शला तोवर एकदाही पहिल्या क्रमांकाने जिंकता आली नव्हती; पिएखने कंपनीचा पैसा आणि स्वतःची पत पणाला लावून ही गाडी बांधली आणि १९७० साली ती जिंकली, असा या कथेचा ठरलेला शेवट. यातले काहीही खोटे नाही. पण गोष्ट अशी सांगितली की एक प्रश्न झाकला जातो. ते इंजिन, तो सांगाडा आणि ते धाडस १९६९ च्या वसंतातच हजर होते. तरीही त्या हंगामात पोर्शचे कसलेले चालक या गाडीत बसायला नाखूश होते. पुढच्याच वर्षी जागतिक अजिंक्यपदाच्या दहापैकी सात शर्यती याच गाडीने जिंकल्या. मधल्या काळात काय बदलले? माझे म्हणणे असे की या प्रश्नाच्या उत्तरात दीर्घ पल्ल्याची गाडी कशी घडते याचे सगळे मर्म आहे. गाडीच्या विरोधात जाणारा पुरावा तो दोष दूर करू शकणाऱ्या माणसापर्यंत पोचला, की ती खऱ्या अर्थाने घडू लागते. कल्पकता, पैसा आणि शक्ती या गोष्टी त्याआधी लागतात. पण तेवढ्याने काम होत नाही.

आधी ही गाडी जन्माला कशी आली ते पाहू, कारण तिच्या दोषांचे मूळ तिथेच आहे. १९६८ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी प्रोटोटाइप गाड्यांना तीन लिटरची मर्यादा घातली. पाच लिटरपर्यंतच्या ‘स्पोर्ट्‌स’ गाड्यांना मुभा होती, पण त्यांच्या किमान पन्नास प्रती बांधलेल्या असाव्यात अशी अट होती. जुन्या फोर्ड जीटी४० सारख्या गाड्यांना मैदानात ठेवण्यासाठी ही सोय होती. मग १९६८ च्या वसंतात ही संख्या पन्नासवरून पंचवीसवर आली, आणि पोर्शने ती फट अचूक हेरली. पंचवीस गाड्या आधीच बांधायच्या म्हणजे शर्यतीसाठीच आखलेला प्रोटोटाइप ‘स्पोर्ट्‌स कार’ म्हणून उतरवता येईल. वर्षभराच्या आत गाडी तयार झाली आणि मार्च १९६९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेली. त्याच महिन्यात तपासनीस कारखान्यात आले तेव्हा मोजक्याच गाड्या पुऱ्या झाल्या होत्या. बाकीच्या अर्धवट जुळलेल्या किंवा नुसत्या सुट्या भागांच्या रूपात होत्या. तपासनीसांनी मान्यता नाकारली. मग कार्यालयातल्या माणसांनाही हाताशी धरून जुळणी झाली आणि २१ एप्रिलला पंचवीस गाड्या ओळीने उभ्या राहिल्या. हवी ती गाडी चालवून पाहा, असे पिएखने तपासनीसांना सुचवले. त्यांनी ते टाळले. या प्रसंगाचे नेहमी कौतुक होते. त्याचा दुसरा अर्थ मात्र क्वचितच कोणी काढतो. नियमाने गाड्या मोजल्या, त्या चालतात कशा हे पाहिले नाही. एक गाडी पुरती तपासून होण्याआधीच तिच्या पंचवीस प्रती उभ्या होत्या, म्हणजे तिच्यात जी चूक असेल तीही पंचवीस वेळा बांधली गेली होती.

या गाडीत जुना अनुभव जिथे जपून वापरला गेला तिथे ती पहिल्यापासून चांगली होती, हेही नोंदवले पाहिजे. हान्स मेत्सगर यांनी आखलेल्या इंजिनाचे उदाहरण घ्या. पोर्शच्या आधीच्या ९०८ या गाडीत तीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन होते. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८५ मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल ६६ मिलिमीटर. मेत्सगर यांनी हीच मापे नव्या इंजिनात ठेवली. आठाचे बारा सिलिंडर झाले आणि साडेचार लिटर आकारमान आपोआप आले. सिलिंडरच्या आत ज्वलन कसे होते, उष्णता कुठे साचते, हे त्यामुळे आधीच ठाऊक होते. नवा धोका एकच होता: बारा सिलिंडरचा लांबलचक क्रँकशाफ्ट पिळला जाऊन कंप पावणार. त्यावर त्यांनी शक्ती शाफ्टच्या टोकाकडून न घेता मधोमध बसवलेल्या गिअरवरून बाहेर काढली, म्हणजे पिळवटणारी लांबी निम्मी झाली. सांगाड्याचीही तीच गोष्ट. ॲल्युमिनिअमच्या नळ्या जोडून केलेला हा सांगाडा पन्नास किलोंहूनही हलका होता, आणि इतका हलका सांगाडा कुठेतरी तडकणार हे पोर्शच्या लोकांनी धरूनच ठेवले होते. म्हणून नळ्या बंद करून त्यांत दाबाखाली वायू भरला. जोडावर केसाएवढी भेग पडली तरी वायू निसटणार, दाब उतरणार आणि मापकाचा काटा खाली येणार. स्वतःचा दोष स्वतःच कळवणारा हा सांगाडा मला या संपूर्ण गाडीतली सर्वांत शहाणी रचना वाटते. आपल्या कामात चूक निघू शकते हे बांधणाऱ्यांनी इथे आधी मान्य केले, आणि ती कळण्याची वाटही बांधून ठेवली.

बाह्य आकाराबाबत मात्र अशी वाट ठेवलेली नव्हती. ल माँच्या रस्त्यात मुल्सानची जवळजवळ सहा किलोमीटरची सरळ पट्टी होती. आज तिच्यावर असलेली वळणे १९९० मध्ये आली. या पट्टीवर जो सर्वांत वेगाने जाईल तो जिंकेल, असा हिशेब मनाशी पक्का झाला की आकार ठरवण्याचा एकच निकष उरतो: हवेचा विरोध कमीत कमी हवा. पोर्शच्या आधीच्या गाड्यांची लांब, उतरत जाणारी शेपूट याच विचारातून आली होती आणि साडेतीनशे अश्वशक्तीच्या ९०८ ला ती बऱ्यापैकी मानवलीही होती. ९१७ मध्ये तोच विचार पुढे नेला गेला. पण नव्या गाडीची ताकद पावणेदोनशे अश्वशक्तीने जास्त होती, आणि हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५० किलोमीटरला गाडी जेवढी उचलली जाते त्याच्या चौपट ती ३०० ला उचलली जाते. छतावरून खाली वळत जाणारी हवा मागच्या भागावर कमी दाब निर्माण करते आणि मागची चाके जमिनीवरून हलकी होतात. म्हणजे हाताशी असलेला अनुभव खरा होता, पण तो ज्या वेगापर्यंत तपासला गेला होता त्याच्या पलीकडे तो लागू आहे असे गृहीत धरले गेले. अनुभवी लोकांच्या मोठ्या चुका बहुधा अशाच होतात.

पुरावा यायला वेळ लागला नाही. मे १९६९ मध्ये बेल्जियममधल्या स्पा इथे गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरली. जो सिफर्ट हा पोर्शचा त्या काळातला सर्वांत वेगवान चालक. त्याने ९१७ बाजूला ठेवून जुनी ९०८ निवडली आणि ब्रायन रेडमनच्या साथीने तीच शर्यत जिंकली. गेरहार्ड मिटरने नेलेली ९१७ पहिल्याच लॅपमध्ये बंद पडली. पुढे न्यूर्बुर्गरिंगच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीसाठी बाहेरचे दोन चालक आणावे लागले. डेव्हिड पायपर आणि फ्रँक गार्डनर यांनी ती आठव्या क्रमांकावर शेवटपर्यंत नेली. सरळ रस्त्यावरही गाडी एका रेषेत राहत नाही, ब्रेक लावला की मागची बाजू हलकी होते, ही तक्रार एकाची नव्हती. तरीही शोध सुरू झाला तो सस्पेन्शनमध्ये: स्प्रिंग बदला, कोन बदला, टायर बदला. आकाराचे गणित कागदावर बरोबर असल्यामुळे संशय तिकडे वळतच नव्हता. माझ्या मुद्द्यासाठी ही बाब फार महत्त्वाची आहे. पुरावा नव्हता असे नाही. तो चालकाच्या तोंडून येत होता, आणि चालकाचे म्हणणे हे मोजमाप नसून मत आहे, असे समजण्याची सवय अभियंत्यांना होती.

या सवयीची किंमत जूनमध्ये ल माँला दिसली. जॉन वुल्फ या हौशी ब्रिटिश चालकाने नवी ९१७ विकत घेतली होती. पहिल्याच लॅपमध्ये मेझाँ ब्लांश या जागी त्याचा ताबा सुटला आणि तो मृत्युमुखी पडला. या अपघाताचे सगळे खापर गाडीवर फोडणे न्यायाचे होणार नाही. वुल्फला एवढ्या ताकदीच्या गाडीचा सराव नव्हता. शिवाय तेव्हा चालक रस्ता ओलांडून धावत येऊन गाडीत बसत आणि घाईत अनेक जण पट्टे न बांधताच निघत. ती घातक पद्धत त्या वर्षानंतर बंद झाली. पण एवढे म्हणावेच लागेल की ज्या गाडीत बसायला कंपनीचे कसलेले चालक कचरत होते, ती गाडी एका हौशी माणसाच्या हाती आली होती. यंत्राच्या घडणीत असे बळी जाणारच, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते आणि आजही भेटतात. मला हा युक्तिवाद मान्य नाही. अज्ञातात पाऊल टाकताना झालेला अपघात वेगळा आणि आधी मिळालेला इशारा पुढे न पोचल्यामुळे वाढलेला धोका वेगळा. ९१७ चा इशारा स्पाच्या मैदानात, पाच आठवडे आधीच, मिळालेला होता.

त्याच शर्यतीत विक एल्फर्ड आणि रिचर्ड ॲटवूड यांची ९१७ एकविसाव्या तासापर्यंत मोठ्या फरकाने पुढे होती. क्लचचे घर तडकले आणि ती थांबली. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातल्या त्सेल्टवेग इथे सिफर्ट आणि कुर्ट आरेन्स यांनी तर या गाडीला पहिला विजयही मिळवून दिला. यावर कोणी म्हणेल की गाडी जिंकू शकत होती, म्हणजे दोष एवढा गंभीर नव्हता. पण उत्तम चालक वाईट गाडीही जपून नेऊ शकतो, आणि तसे झाले की कारखान्याला वाटते आपले बरोबरच आहे. पराभवाइतकाच विजयही दिशाभूल करतो. म्हणून त्या ऑगस्टच्या विजयापेक्षा, त्याच मैदानावर ऑक्टोबरमध्ये झालेली चाचणी मला कितीतरी मोलाची वाटते.

या चाचणीला पोर्शच्या माणसांबरोबर एक बाहेरचा संघ होता. पुढच्या हंगामात गाड्या मैदानात उतरवण्याचे काम पोर्शने जॉन वायर यांच्या इंग्लंडमधल्या संघाकडे सोपवले होते. त्यांचा मुख्य अभियंता जॉन हॉर्समन. त्सेल्टवेगला पोर्शने दोन प्रकारच्या गाड्या आणल्या होत्या: नेहमीची बंद ९१७ आणि अमेरिकेतल्या कॅन-ॲम शर्यतींसाठी केलेली, आखूड मागचा भाग असलेली उघडी गाडी. दोन्हींचा सांगाडा आणि यंत्रणा मुळात एकच. तरी उघडी गाडी बंद गाडीहून वेगाने फिरत होती आणि चालकांना ती आवडत होती. इथेच सस्पेन्शनवरचा संशय खरे तर संपतो. सांगाडा तोच आणि वागणूक वेगळी, तर दोष सांगाड्यावर चढवलेल्या कवचात असला पाहिजे. हॉर्समनने बंद गाडीचे कवच जवळून पाहिले. शरद ऋतूतल्या त्या मैदानावर चिलटे पुष्कळ होती, आणि गाडीच्या नाकावर, काचेवर त्यांचा चिकटा बसला होता. मागच्या उतरत्या भागावर आणि तिथल्या स्पॉयलरवर मात्र एकही चिलट नव्हते. हवा जिथे आदळते तिथे चिलटेही आदळतात. स्पॉयलर स्वच्छ होते, कारण त्यांच्यापर्यंत हवा पोचतच नव्हती. ती वरून निघून जात होती. गाडीला दाबून धरण्यासाठी लावलेले स्पॉयलर नुसते ओझे झाले होते.

मग मैदानावरच काम सुरू झाले. ॲल्युमिनिअमचे पत्रे कापले, वाकवले, रिव्हेट आणि चिकटपट्टीने ठोकून-चिकटवून मागच्या बाजूवर बसवले, आणि मागचा भाग आखूड करून टोकाकडे वर उचलला, जेणेकरून छतावरून जाणारी हवा त्याच्या कडेवर आदळेल. दिसायला ओबडधोबड असलेली ही गाडी घेऊन चालक गेले ते बराच वेळ परतलेच नाहीत, कारण तिचा वेग त्यांना आता वापरता येत होता. लॅप काही सेकंदांनी कमी झाली. हवेचा विरोध वाढला होता, म्हणजे सरळ रस्त्यावरचा कमाल वेग घटणार होता. ज्या एका निकषावर गाडी आखली होती तोच निकष इथे मोडला गेला. पोर्शने नंतर हा आकार नीट बांधून घेतला आणि १९७० च्या ९१७ ला तो कायमचा चिकटला. इंजिन तेच, सांगाडा तोच. बदलला तो थोडासा पत्रा, आणि पुरावा कोणाचा मानायचा याची समज.

या युक्तिवादावर पहिला आक्षेप पैशाचा येतो. पंचवीस गाड्या बांधण्याची ऐपत असलेली कंपनी आज ना उद्या जिंकणारच होती, चिलटे दिसोत वा न दिसोत. याला उत्तर फेरारीने दिले आहे. १९६९ मध्ये फियाटने फेरारीत निम्मा वाटा घेतला, आणि त्या बळावर फेरारीनेही पंचवीस गाड्यांचा नियम पाळून पाच लिटरची ५१२ एस उभी केली. नियम तोच, सिलिंडर तेवढेच, ताकद जवळपास तेवढीच. १९७० च्या दहा शर्यतींत तिला एकच विजय मिळाला, सेब्रिंगला. सात ९१७ ने जिंकल्या आणि उरलेल्या दोन डोंगरी वळणांच्या शर्यती पोर्शच्याच छोट्या ९०८ ने. फेरारीकडे पैसा होता. चुकांचे एक अख्खे वर्ष आणि त्यातून आलेली शिकवण नव्हती. पैसा लागतोच, हे मी नाकारत नाही. मैदान भाड्याने घ्यायला, आठवडाभर गाड्या पळवायला, पत्रे वाया घालवायला तो लागतो. पण १९६९ च्या वसंतात त्याच पैशाने पंचवीस अस्थिर गाड्या उभ्या केल्या होत्या, हेही विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप नशिबाचा. जून १९७० मध्ये ल माँ जिंकणारी लाल-पांढरी ९१७ सराव फेरीत पंधराव्या क्रमांकावर होती. पाऊस कोसळला, वेगवान गाड्या घसरल्या वा मोडल्या, आणि हान्स हेरमान व रिचर्ड ॲटवूड ३४३ लॅप पूर्ण करून पुढे आले. अधिकृत निकालात शेवटी सातच गाड्या उरल्या. हे नशीब नव्हे का? थोडेफार होतेच. पण त्या गाडीत काय होते ते पाहा. पोर्शकडे तेव्हा ४.९ लिटरचे नवे इंजिन आणि सरळ रस्त्यासाठी पुन्हा घडवलेली लांब शेपूटही उपलब्ध होती. ॲटवूडने पुढे सांगितले आहे की त्याने स्वतःहून जुने साडेचार लिटरचे इंजिन आणि आखूड शेपूट मागितली होती. आदल्या वर्षी एकवीस तास त्या चंचल गाडीशी झुंजलेला हा माणूस होता. चोवीस तासांत काय टिकते आणि ओल्या रस्त्यावर काय आवरता येते, हे त्याला माहीत होते, आणि या वेळी त्याचे ऐकले गेले. पावसाने मैदान सर्वांसाठी सारखेच ओले केले. त्या मैदानासाठी तयार गाडी मात्र अनुभवातून निवडलेली होती. पुढच्या वर्षी कोरड्या हवामानात हेल्मुट मार्को आणि गाइस व्हॅन लेनेप यांच्या ९१७ ने ३९७ लॅप, ५,३३५ किलोमीटर अंतर कापले. तो विक्रम २०१० पर्यंत टिकला. एवढा विक्रम नशिबाच्या खात्यावर मांडता येत नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. आता विंड टनेल सुधारले, संगणकावर हवेचा प्रत्येक झोत काढता येतो, गाडीत शेकडो सेन्सर असतात. चिलटे पाहून शोध लावण्याचे दिवस गेले. साधन बदलले हे खरे, पण गरज बदललेली नाही. २०१६ च्या ल माँमध्ये टोयोटाची टीएस०५० हायब्रिड ही त्या काळातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या गाड्यांपैकी एक होती. शर्यत संपायला काही मिनिटे उरली असताना आघाडीवर असलेल्या काझुकी नाकाजिमाच्या गाडीची ताकद गेली. कारण निघाले ते टर्बोचार्जर आणि इंटरकूलर यांना जोडणाऱ्या नळीच्या जोडात. पोर्श पुढे निघून गेली, आणि शेवटची लॅप ठरलेल्या वेळेत पूर्ण न झाल्याने टोयोटाची ती गाडी निकालातही धरली गेली नाही. २०१७ मध्ये पुन्हा निराशा. त्यानंतर टोयोटाने चाचण्यांमध्ये मुद्दाम बिघाड घडवून आणायला सुरुवात केली. गाडी तीन चाकांवर पिटपर्यंत कशी आणायची याचाही सराव झाला. २०१८ ला ते जिंकले. तोवर आउडी आणि पोर्श दोघेही मैदान सोडून गेले होते, तेव्हा तो विजय सोपा होता असे म्हणता येईल. पण २०१६ चा पराभव प्रतिस्पर्ध्याच्या वेगाने झालाच नव्हता, तो स्वतःच्या गाडीतल्या एका जोडाने झाला होता. आणि प्रतिस्पर्धी निघून गेला तरी तसा जोड आपोआप दुरुस्त होत नाही. नळ्यांत वायू भरून भेगेची वाट पाहणारा १९६९ चा सांगाडा आणि बिघाडाची तालीम करणारा २०१८ चा संघ एकाच विचाराचे आहेत.

९१७ ची पुढची वाटचालही याला पुष्टी देते. १९७२ पासून नियम बदलले आणि पाच लिटरच्या गाड्या अजिंक्यपदातून बाद झाल्या. पोर्शने मग टर्बोचार्जर लावून ९१७ कॅन-ॲममध्ये उतरवली. पाय दाबला तरी ताकद उशिरा येते आणि मग एकदम येते, हा टर्बोचा दोष तिथे आडवा आला. या वेळी चालक मार्क डोनोह्यू स्वतः अभियंता होता आणि इंजिनाच्या चाचण्यांत तो पोर्शच्या माणसांबरोबर बसला. चालकाचे मत आणि प्रयोगशाळेचे मोजमाप एका टेबलावर आले. १९७२ आणि १९७३ ची अजिंक्यपदे ९१७ ने जिंकली, आणि तिथे शिकलेली टर्बोची विद्या घेऊन १९७४ मध्ये रस्त्यावरची ९११ टर्बो आली. पाच वर्षांपूर्वी चालकाची तक्रार बाजूला ठेवणाऱ्या कंपनीने आपली पद्धत बदलली, याचा यापेक्षा ठोस दाखला देता येणार नाही.

म्हणून पिएखच्या धाडसाला आणि मेत्सगर यांच्या बुद्धीला पुरेपूर मान देऊनही ९१७ च्या यशाचे श्रेय मी त्या ऑक्टोबरच्या चाचणीला देतो. नवे यंत्र, नवी योजना, नवा पूल उभारणाऱ्या प्रत्येकाकडे कागदावर बरोबर असलेले गणित असते. प्रत्यक्ष ते चालवणारा माणूस जेव्हा सांगतो की हे नीट चालत नाही, तेव्हा त्याचे बोलणे मत म्हणून वहीत टिपून ठेवू नका. पुरावा म्हणून घ्या, आणि तपासायला त्याच दिवशी जागेवर जा.